घराचा शब्द आणि घराचा कागद

औसा हे गाव भुईकोट किल्ल्याचे, नाथ संस्थानाचे आणि चक्रीभजनाच्या परंपरेचे. लातूरहून तुळजापूरकडे जाताना सुमारे वीस किलोमीटरवर वसलेल्या या तालुक्याच्या गावात माणसे अजूनही परस्परांना तीन-तीन पिढ्यांनी ओळखतात. ‘अमक्यांचा नातू’ एवढ्या ओळखीवर येथे उसनवार मिळते, सोयरीक जुळते आणि घराचा सौदाही होतो. ओट्यावर चार माणसे बसतात, किंमत ठरते, नारळ-साखर होते, बयाण्याची रक्कम हातात पडते आणि ‘कागद काय, सवडीने करू’ असे म्हणून मंडळी उठतात. शब्दाला किंमत असलेल्या समाजाचे हे लक्षण आहे आणि त्याचा अभिमान वाटावा, असेच ते आहे.

परंतु त्याच औशात, त्याच लातुरात आणि शेजारच्या नांदेड-धाराशिवमध्ये दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे तारखा मोजणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्यांतले पुष्कळसे दावे परक्याने परक्यावर लावलेले नसतात. भाऊ भावावर, पुतण्या चुलत्यावर, घेणारा आपल्याच आळीतल्या विकणाऱ्यावर दावा लावतो. ज्या ओळखीच्या भरवशावर कागद टाळला, तीच ओळख त्या दाव्यात होरपळून जाते. म्हणून या प्रश्नाकडे केवळ कायद्याचा प्रश्न म्हणून पाहून भागणार नाही. शब्द देणारा आज आहे, उद्या नाही; साक्षीला बसलेली चार माणसे वीस वर्षांनी असतीलच असे नाही. दिलेला शब्द पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवण्याचे सामर्थ्य फक्त कागदात असते. कागद मागणे हा अविश्वास आहे, हा गैरसमज आपल्या घराघरांतून जायला हवा.

सौद्यांची घाई

गेल्या काही वर्षांत औशाचे रूप बदलले. तुळजापूर-नागपूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला. लातूरच्या शिकवणी वर्गांची कीर्ती राज्यभर गेल्यापासून मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यांतील कुटुंबे लातुरात आणि औशात बिऱ्हाड करू लागली. किल्लारी, लामजना, उजनी, भादा, मातोळा या गावांतील शेतकरी एखादा एकर विकतो आणि त्या पैशातून गावाच्या कडेला भूखंड घेतो. शिक्षक भविष्यनिर्वाह निधी मोडतो. आईच्या पाटल्या मोडल्या जातात. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात घर एकदाच घेतो, आणि तेव्हा त्याच्या गाठीला असलेले सारे त्यात घालतो. असे असूनही बाजारातून बैलजोडी घेताना दात पाहणारा, चालवून पाहणारा हा माणूस घर घेताना मात्र उतारा उलटून पाहत नाही, हे आश्चर्य आहे.

मराठवाड्याच्या कागदाची पूर्वपीठिका

मराठवाड्यात घर किंवा जागा घेणाऱ्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. महसुलाची भाषा उर्दू होती. त्यापूर्वीचे पुष्कळ कागद फारसीत आणि मोडीत आहेत. १९५४-५५ च्या सुमारास झालेले खासरा पत्रक हा आजही मराठवाड्यातील जमिनीच्या इतिहासाचा मूळ आधार मानला जातो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकालीन नोंदी शोधायला आरंभ केला, तेव्हा कपाटात पडलेल्या जुन्या कागदाचे मोल काय असते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

या इतिहासाचा आजच्या घराशी थेट संबंध आहे. निजामी राज्यात अनेक जमिनी इनामी होत्या. काही देवस्थानाच्या सेवेसाठी, काही मशीद-दर्ग्याच्या सेवेसाठी, काही गावकामगारांना दिलेल्या. खिदमतमाश, मदतमाश हे शब्द आज नव्या पिढीला ठाऊक नसतात. पण जुन्या उताऱ्यावर ते असले, तर त्या जमिनीवरील भूखंडाचा व्यवहार साधा राहत नाही. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने अनेक इनामे संपली. सेवेच्या इनामांचा मामला मात्र वेगळा राहिला. अशी जमीन बहुधा ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदलेली असते आणि ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. देवस्थानची जमीन विश्वस्त सहज विकू शकत नाहीत, हेही ध्यानात असावे. ‘देवाचीच जागा आहे, कोण विचारणार?’ या भ्रमात घर बांधणारा देवाचीही फसवणूक करतो आणि स्वतःच्या मुलांचीही.

२०२४ च्या डिसेंबरात लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातील तळेगाव येथे सुमारे १०३ शेतकऱ्यांना वक्फ न्यायाधिकरणाच्या नोटिसा आल्या. सुमारे ३०० एकर जमिनीवर वक्फ मालमत्ता म्हणून दावा सांगण्यात आला होता. आपण स्वतः नोटिसा दिलेल्या नाहीत, असा खुलासा पुढे वक्फ मंडळाने केला. तथापि, पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यांनाही दारात नोटीस आल्यावर जुनी कागदपत्रे शोधावी लागली. ज्याच्या घरी खासरा, फेरफार आणि खरेदीखत क्रमवार लावलेले असते, तो अशा प्रसंगी निश्चिंत उभा राहतो. ज्याच्याजवळ केवळ ‘आजोबांपासून आमचेच’ एवढेच असते, त्याची झोप उडते.

घेणाऱ्याने काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे मालकीचा कागद कोणता आणि केवळ नोंदीचा कागद कोणता, हे ओळखणे. घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हे मालकीचे पुरावे नव्हेत. नमुना आठ ही कराच्या आकारणीची नोंद आहे. सातबाऱ्यावर किंवा फेरफारावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असेही नाही. या महसुली नोंदी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने, वाटणीपत्राने, बक्षीसपत्राने किंवा वारसाहक्काने. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहावे. खेड्यातील गावठाणात आजवर असे पत्रकच नव्हते. २४ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आरंभलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ज्या घराच्या भरवशावर बँक दारात उभे करत नव्हती, त्या घराला प्रथमच सरकारी चतुःसीमा मिळाली. आपल्या गावात मोजणी झाली असेल, तर सनद घरात आणून ठेवणे आणि तिच्यातील नाव व क्षेत्र तपासून घेणे, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे काम आहे.

दुसरी गोष्ट तीस वर्षांच्या शोधाची. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ पाहून त्या मिळकतीवर गेल्या तीस वर्षांत कोणकोणते व्यवहार नोंदले गेले, याचा शोध जाणत्या वकिलाकडून घ्यावा. यासाठी लागणारे काही हजार रुपये अनेकांना जड वाटतात; वास्तुशांतीच्या जेवणावळीत त्याहून अधिक सहज खर्च होतात. मूळ खरेदीखत विकणाऱ्याने दाखवले नाही, ‘कपाटात आहे, नंतर देतो’ असे म्हटले, तर ते बहुधा बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या तिजोरीत गहाण पडलेले असू शकते. झेरॉक्स प्रतीवर विसंबू नये. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात बोजा आहे का, हे पाहावे. स्थानिक वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्यात. तशी सूचना दिल्याने विकणारा रागावला, तर तो राग का आला, याचाही विचार करावा.

तिसरी गोष्ट नोटरीच्या कागदाची. आपल्याकडे वर्षानुवर्षे शंभराच्या बॉण्डवर नोटरी करून घरे विकली गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने शंभर-दोनशेच्या मुद्रांकांऐवजी किमान पाचशेचा मुद्रांक लागू केला. परंतु मुद्रांक पाचशेचा झाला म्हणून नोटरीच्या कागदाला खरेदीखताचे बळ येत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हा नियम १८८२ पासूनचा आहे. सर्वसाधारण मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. साठेखत करायचे असेल, तर तेही नोंदवावे. २००१ च्या दुरुस्तीनंतर, अनोंदणीकृत साठेखतावर ताबा घेतलेल्याला पूर्वीचे संरक्षण राहिलेले नाही. आणि साठेखत करून स्वस्थ बसू नये. समोरच्याने खरेदी करून देण्याचे नाकारले, तर न्यायालयात जायला साधारणपणे तीनच वर्षांची मुदत असते.

चौथी गोष्ट गुंठ्याच्या भूखंडाची. शेतजमिनीचे तुकडे पाडून, खांब रोवून, चुन्याच्या रेघा ओढून ‘नगर’ वसवणारे दलाल प्रत्येक तालुक्यात आहेत. नगररचना विभागाचे मंजूर रेखांकन आहे का, आराखड्यातील रस्ता जागेवर आहे का, हे दोन प्रश्न त्यांना विचारावेत. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे ठरले. गुंठेवारी नियमित करणारा २००१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला. २०२५ मध्ये निवासी व अकृषिक क्षेत्रांतील जुने तुकडे नियमित करण्याची वाटही शासनाने मोकळी केली. या सवलती अडकलेल्या सामान्य माणसाला दिलासा देण्यासाठी आहेत. आज नव्याने बेकायदा तुकडा घ्यायला दिलेली ती मुभा नव्हे. उद्या सरकार नियमित करीलच, या आशेवर घर घेणे म्हणजे पाऊस येईलच म्हणून कोरड्यात पेरणे होय.

पाचवी गोष्ट मोजणीची. चतुःसीमा कागदावर वाचून भागत नाही. भूमिअभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि पूर्व-पश्चिमेच्या शेजाऱ्यांशी बोलावे. शेजारी जे सांगतो, ते कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. सामाईक भिंत, गल्लीचा बोळ, सांडपाण्याची वाट, विहिरीतील हिस्सा यांवरूनच पुढे हाणामाऱ्या होतात.

सदनिका घेणाऱ्यासाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘रेरा’, मोठा आधार आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणीकृत करारावाचून विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. औशासारख्या गावात उभ्या राहणाऱ्या अनेक इमारती लहान असतात. तेथे महारेराचा क्रमांक नसेल, तर नगर परिषदेची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची चौकशी ग्राहकाने स्वतःच दुप्पट दक्षतेने करायला हवी.

भिंत आणि पाणी

औसा तालुक्याला घराच्या भिंतीचे मोल सांगण्याची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली आणि गणेश विसर्जन करून झोपलेली हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, हे त्या प्राणहानीचे मोठे कारण होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या जनकल्याण समितीचे कार्यकर्ते आणि असंख्य स्वयंसेवक त्या दिवसांत ढिगारे उपसत होते; त्या पिढीतील अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे बांधून दिली गेली. २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाने या परिसराला तिसऱ्या विभागात घातले. तरीही आज जुने घर घेताना ‘मारबल कोणता?’ असे विचारले जाते आणि ‘खिडक्यांवरून सलग पट्टा फिरवला आहे का, कोपरे नीट बांधले आहेत का?’ असे विचारले जात नाही.

काळ्या मातीवरचे घर पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या जमिनीवर उभे असते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर भिंतींना तिरप्या भेगा जातात. नवा रंग त्या भेगा दोन महिने लपवतो. म्हणून घर एकदा तरी जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावे, आणि शक्यतो पावसाळ्यात पाहावे. पाण्याची चौकशी मात्र एप्रिल-मे महिन्यांत करावी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे या जिल्ह्यातील माणसाने विसरता कामा नये. कूपनलिका किती खोल आहे आणि उन्हाळ्यात ती किती वेळ चालते, हे विकणाऱ्याला विचारावे आणि शेजाऱ्यालाही विचारावे.

भूकंपानंतर मिळालेली घरे विकत घेताना आणखी एक पथ्य आहे. ज्यांच्या नावे घर मिळाले, ते आजोबा पुष्कळदा हयात नसतात. मालकीचा कबाला कोणाच्या नावे आहे, वारसांची नावे लागली आहेत की नाहीत आणि शासनाच्या अटी काय आहेत, हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये.

लेकीबाळींची सही

आपल्या समाजात घराच्या व्यवहारातील सर्वांत मोठा दोष कोणता, असे विचारले, तर तो आहे बहिणीला न विचारण्याचा. वडिलांच्या पश्चात भाऊ घर विकतात आणि बहिणींना वास्तुशांतीचे निमंत्रण येते, तेव्हा समजते की माहेर विकले गेले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला सहदायिक केले होते; देशाने तो पालट ९ सप्टेंबर २००५ पासून स्वीकारला; आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुलीचा हक्क जन्माने आहे आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. आईचा वाटा तर त्याआधीपासूनच आहे. म्हणून वडिलोपार्जित घर घेणाऱ्याने वारसांची पूर्ण यादी मागावी आणि सर्व मुलींच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे.

स्त्रीला देवी म्हणणाऱ्या समाजाने तिचा वाटा साडीचोळीवर मिटवावा, हे शोभणारे नाही. बहीण स्वेच्छेने हक्क सोडत असेल, तर तो तिचा मोठेपणा. पण तिला न विचारता तो गृहीत धरणे हा अन्याय आहे. कुटुंबप्रबोधनाची बैठक घेताना या विषयाला बगल देऊन चालणार नाही. एका सहीने वाचलेले माहेर शंभर प्रवचनांहून अधिक सांगून जाते. घरधनी अकाली गेलेल्या कुटुंबात आणखी जपावे लागते. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावावरची मिळकत त्याची आईसुद्धा न्यायालयाच्या अनुमतीवाचून विकू शकत नाही; विकली, तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकते. विधवेच्या अडचणीचा लाभ घेऊन स्वस्तात घर पदरात पाडून घेणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावे.

विकणाऱ्याचाही धर्म

घर घेणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ असतात. विकणाऱ्याच्या कर्तव्याबद्दल कोणी बोलत नाही. घराचा किंवा मालकीचा जो दोष आपल्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीने कळणार नाही, तो सांगणे हे विकणाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. गळणारे छत, सुरू असलेला दावा, भावाची हरकत, रस्तारुंदीकरणात जाणारा ओटा हे सांगून विकावे. किंमत थोडी कमी येईल. पण पुढे लबाड म्हणून नाव निघणार नाही.

विकण्यापूर्वी घरपट्टी, नळपट्टी व वीजबिल भरून बेबाकी घ्यावी. वारसनोंद करून घ्यावी. कर्ज असेल, तर फेडून बोजा कमी करून घ्यावा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावाचून खरेदीखतावर सही करू नये आणि ताबाही देऊ नये. धनादेशांचे क्रमांक व तारखा दस्तात लिहाव्यात. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायचा असतो. विक्रीत नफा झाला, तर ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतल्यास करातून सवलत मिळते. त्यासाठी सौद्याआधीच करसल्लागाराला भेटावे. घेणाऱ्यानेही सहीनंतर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदवावा, आणि नोंदणी झाली म्हणून निवांत न बसता तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि नगर परिषदेत आपले नाव लागल्याची खात्री करून घ्यावी. घर केवळ घरातील स्त्रीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही सवलत वाया घालवू नये. ती पैशाची बचत आहे आणि गृहलक्ष्मी हा शब्द खरा करण्याची संधीही आहे.

काळे-पांढरे

‘इतके चेकने, इतके रोख’ हे वाक्य आपल्याकडे इतके सहज उच्चारले जाते की, त्यात काही गैर आहे, असे सज्जनांनाही वाटेनासे झाले आहे. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे आणि स्वीकारल्यास तेवढाच दंड आहे. पण दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी हिशेब सोपा आहे. रोख दिलेले पैसे कागदावर नसतात. सौदा मोडला, तर ते परत मागायला पुरावा नसतो. दस्तातील किंमत कमी दाखवली, तर कर्जही कमी मिळते. भ्रष्टाचारावर व्याख्याने ऐकणाऱ्या आणि देणाऱ्या घरांनी निदान आपले घर तरी पांढऱ्या पैशाने घ्यावे. नागरी कर्तव्याचे पालन आपल्या उंबरठ्यापासून सुरू होते.

साक्षीदार कोण?

तालुक्याच्या गावात संघाचा कार्यकर्ता, शाळेतील गुरुजी किंवा निवृत्त अधिकारी हा केवळ शेजारी नसतो. त्याच्या शब्दावर लोक चालतात. म्हणूनच निबंधकासमोर ओळख पटवायला त्यालाच बोलावले जाते. ‘लिहून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतो’ या ओळीखाली तो सही करतो आणि चहा घेऊन परततो. ही सही औपचारिक नाही. नोंदणी अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून खोटे कथन केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याच्या सहीकडे पाहून समोरचा माणूस आयुष्याची पुंजी मोजत असतो. भीडेपोटी केलेली सही ही दुसऱ्याच्या संसाराशी केलेली प्रतारणा ठरू शकते.

अशा माणसाने साक्षीला जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मूळ कागद पाहिले का? बहिणींना विचारले का? सारी रक्कम दस्तात आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नम्रपणे सही नाकारावी. आपली ओळख कागद टाळण्यासाठी वापरू न देता कागद पूर्ण करून घेण्यासाठी वापरली, तर गावात त्याचा एकदा बोभाटा होईल, दुसऱ्यांदा आदर वाढेल आणि तिसऱ्यांदा मंडळी कागद घेऊनच त्याच्याकडे येतील.

वस्तीतील एखादा विधिज्ञ, भूमिअभिलेखातून निवृत्त झालेला एखादा कर्मचारी आणि बँकेतील एखादा अनुभवी माणूस आठवड्यातून एक तास एकत्र बसले, तरी कितीतरी कुटुंबे संकटातून वाचतील. त्यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. आणि प्रत्येक घराने आजच एक काम करावे. घराचे खरेदीखत, उतारे, मोजणीचा नकाशा, परवानगी, कर्जफेडीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या क्रमाने एका जाड फाइलीत लावाव्यात आणि ती फाइल कोठे आहे, हे पत्नीला, मुलाला आणि मुलीलाही सांगून ठेवावे. आपल्या पश्चात मुले एकमेकांच्या घरी जेवायला जातील की न्यायालयात समोरासमोर उभी राहतील, हे अनेकदा त्या एका फाइलीवर ठरत असते.